मंदाआत्याची पिवळी गाडी

आमच्या मंदाआत्याला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्यावर झोका नको, सांजोऱ्या नकोत, आधी रिमोटची गाडी पाहिजे. वयानं पन्नाशी ओलांडलेली, जावई आलेली, चोपड्याला केळीच्या बागेत मजुरांना धाकात ठेवणारी ही बाई. धुळ्याजवळच्या आमच्या गावात पाय ठेवला की शाळकरी पोर होते. मला तर तिचा हेवा वाटतो.

आखाजीच्या संध्याकाळी आमच्या खळ्यावर गाड्यांची शर्यत लागते. एका बाजूला माहेरवाशिणी, दुसऱ्या बाजूला गावच्या सुना. पूर्वी दोन्हीकडच्या बाया गाण्यांतून एकमेकींचा उद्धार करायच्या. तो आताही करतात, फक्त पुढ्यात गाड्या पळत असतात. हे खूळ माझ्या पप्पांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावानं आणलं. माहेरवाशिणींची म्होरकी आत्या आणि सुनांची म्होरकी माझी आई, दिपमाला. दोघींपैकी कुणीही हरली तरी जेवताना भाजीत मीठ जास्त पडतं.

मधली दोन वर्षं आत्या आलीच नाही. तिची सासू अंथरुणाला खिळली होती आणि आत्यानं तिला लेकरासारखं सांभाळलं. म्हातारी गेली. यंदा आत्या आली ती याच शर्यतीसाठी. उतरल्या उतरल्या तिनं माळ्यावरची पिवळी गाडी काढली, बॅटरी लावली, रिमोट दाबला. मोटर घुंई घुंई करत राहिली आणि गाडी जागची हलेना.

पप्पांनी गाडी उघडून पाहिली. मोटरच्या दांड्यावरच्या पितळी चक्रीचे दात झिजले होते. नवी चक्री घरात होती, पण जुनी निघेना. तिला दांड्यावर धरून ठेवणारा बारीकसा स्क्रू आत्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या शर्यतीत सुटला होता, म्हणून आत्यानं रागाच्या भरात त्यावर स्क्रू पक्का करायचं लाल औषध ओतलं होतं. थेंब टाकायचा तिथं धार धरली होती. पप्पांनी किल्ली लावून जोर केला, तर स्क्रूची खाच झिजायला लागली. आत्याचा चेहरा पडला. "इतली लांबथून काय मी झोका खेवाले उनू?" असं म्हणून ती ओट्यावर जाऊन बसली.

पण गप्प बसेल तर ती आत्या कसली! दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिनं गाडी उचलली आणि पत्र्यावर ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणते कशी, "आपला उन्हमा लोखंड बी नरम पडस. स्क्रू काय चीज शे!"

आखाजीचं ऊन म्हणजे चेष्टा नाही, पण स्क्रूला त्याचं काय? थोड्या वेळानं आईनं पाहिलं आणि ती ओरडतच शिडी चढली. "बॅटरी काढेल शे का नही, ताई?"

बॅटरी आतच होती. आईनं पदरात धरून गाडी खाली आणली, बॅटरी काढून अंगणात सावलीला एकटीच ठेवली आणि ती फुगली नाही ना, हे बघेपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. गाडीवरचे सगळे स्टिकर उन्हानं सुटून लोंबत होते. जो गोंद सुटायचा तो ढिम्म आणि नको तो सुटला. मला हसू आवरेना. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला पळाले.

आई घरी दिव्यांच्या माळा जोडते, त्यामुळे तिच्याकडे तारांना डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न असतं. तेच घेऊन ती ओट्यावर आली. "उन्हघाई काय व्हस, ताई? स्क्रूले चटका पाहिजे, गाडीले नही."

तिनं आधी मोटरच गाडीतून सोडवली, म्हणजे प्लास्टिकचा प्रश्न मिटला. मोटर पकडीत धरून वाऱ्याच्या बाजूला ठेवली. तापलेल्या आयर्नचं टोक बरोबर स्क्रूच्या खाचेत टेकवलं आणि आतलं औषध मऊ पडायची वाट पाहिली. पप्पा लायटर घेऊन आले, तर त्यांना हाकललं. जाळ नेमका कुठं लागेल याचा नेम नसतो आणि मोटरही जास्त तापली तर कामातून जाते. जरा उग्र वास आला, तशी तिनं किल्ली खाचेत पूर्ण बसवली आणि आत्याच्या हातात दिली. "गरम शे तवलोंग फिरावा. चक्रीले हात नका लावू."

आत्यानं फिरवली. किल्ली अडली, मग हळूच सरकली. स्क्रू निघाला!

आत्या टाळ्या पिटत उठली आणि मग एकदम थबकली. "दिपमाला, मनी गाडी बंद ऱ्हाती तं तूच जिंकती ना व?"

"तुम्हना बिगर जिंकामा काय मजा शे?" आई म्हणाली. दोन वर्षं तीच जिंकत होती, आणि दोन्ही वर्षी जेवताना मीठ बरोबर पडलं होतं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मोटर गार झाल्यावर नवी चक्री आणि नवा स्क्रू बसवायचा होता. आत्यानं सवयीनं लाल बाटली उचलली. आईनं ती काढून घेतली आणि निळ्या बाटलीतल्या हलक्या औषधाचा टिकलीएवढा थेंब स्क्रूला लावला.

संध्याकाळी आत्यानं आईला सपशेल हरवलं आणि खळ्यावरून नाचत घरी आली. रात्रीची भाजी खारट होती. आत्यानं ती दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "तो निळा थेंब पुरस का व? सुटनार नही ना?"

"पळताना नही सुटाव," आई म्हणाली. "पन पुढली आखाजीले तुम्ही खोलशात, तवय सुटाले पाहिजे."