नसलेल्यांची हजेरी

विजयमालाकाकूंचं माहेर शिराळ्याचं. आमच्याकडची माणसं नागाला भीत नाहीत, असं त्या सांगायच्या, आणि त्यांच्याकडे बघून ते पटायचंही. गावात कुणाच्या अंगात आलं, कुणाला विहिरीवर काही दिसलं, की काकू म्हणायच्या, "आदी त्ये जेवलंय का इचारा." अशा बाईला मी एकदाच घाबरलेलं पाहिलं, तेही भर सकाळी, झेंड्याखाली.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूला. घरटी ऊस आणि घरटी एक माणूस पलटणीत. काकूंचे मालक नानासो फौजेत गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचा धैर्यशील तेव्हा रांगत होता; फोटोतल्या बापालाच तो आण्णा म्हणायला शिकला. काकूंना गावच्या वाचनालयात कामाला घेतलं. वाचनालय म्हणजे एक खोली, वर्तमानपत्रावरून भांडणारी म्हातारी मंडळी, आणि कपाटात सरकारकडून आलेले जाडजूड खंड. एका मुत्सद्द्याचं आणि खेडोपाडी शाळा काढत फिरलेल्या एका मास्तरांचं समग्र लेखन. मी इथल्या शाळेचा हेडमास्तर होतो, पण ते खंड कधी उघडले नव्हते. असली पुस्तकं कपाटाला वजन यावं म्हणून छापतात, असं माझं मत होतं, आणि बऱ्याच बाबतीत अजूनही आहे.

काकूंनी ते उघडले. सातवी शिकलेली बाई, ओठ हलवत वाचायची. एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्या दोगांचं मला नवल वाटतं. भाषण समोर बसलेल्यांना, पर बोलत्यात भलत्यांसंगंच. जी मेल्यात त्येंच्यासंगं, न्हाईतर जी अजून जन्मायची हायती त्येंच्यासंगं." मुत्सद्दी धरणाबद्दल लिहायला बसतो आणि बुडणाऱ्या गावाच्या स्मशानाबद्दलच पानंच्या पानं लिहितो. मास्तर लिहितात, साथीत गेलेल्या पोरांची नावं मी हजेरीतून कमी केली नाहीत. ते रोज ती पुकारायचे आणि सगळा वर्ग मिळून म्हणायचा, "हजर."

त्यावरून काकूंनी गावात एक रिवाज पाडला. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदन झालं की त्या मुत्सद्द्याचा शेवटचा लेख वाचायच्या. तो अर्धवट आहे, लिहितालिहिताच माणूस गेला. शेवटचं वाक्य असं: "राष्ट्र म्हणजे नकाशा नव्हे, ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही, त्यांना आपण…" इथे काकू थांबायच्या. मग फौजेत कामी आलेल्या प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी उठून त्याचं नाव पुकारायचं आणि सगळं गाव म्हणायचं, "हजर." जिवंत माणसाचं नाव तिथे घ्यायचं नाही, हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

गेल्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी धैर्यशील, तोही फौजेतच, बर्फातल्या चौकीवर होता आणि कित्येक दिवस त्याचा फोन नव्हता. त्याची बायको संयोगिता मोबाइल मुठीत धरूनच शाळेच्या मैदानात बसली होती. काकूंनी मात्र नेहमीसारखं खणखणीत वाचलं. नावं झाली. शेवटी त्यांनी नानासोंचं नाव घेतलं, गाव म्हणालं, "हजर," आणि लोक उठायला लागले.

तेवढ्यात पुन्हा पुकारा झाला. "धैर्यशील नानासो!"

आणि सवयीनं, विचार करायच्या आत, सगळं गाव म्हणालं, "हजर."

झेंड्याची दोरी तेवढी खांबावर आपटत होती. संयोगितानं किंकाळी फोडली. काकू गर्रकन वळल्या. "कोन बोललं? जीभ झडो त्याची!"

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. ओठ काकूंचे हलले होते. आवाज नानासोंचा होता. नानासो आणि मी एका बाकावर शिकलो, तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण?

मी हळूच काकूंना तसं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला तो खाली घेईचनात. "माज्याच तोंडानं? गुरुजी, मी माज्या लेकराला मेलेल्यात बसवलं का वं?" मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एका पोराला पाणी आणायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो लष्कराच्या दवाखान्यातून, आणि बोलत होता खुद्द धैर्यशील. बर्फाचा कडा कोसळून तो आणि त्याच्या जोडीचा शिपाई सेल्वम रात्रभर गाडले गेले होते. काकूंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं. "काल सकाळच्याला झोप लागाय लागली, आई. लय बरं वाटत हुतं. तवा आण्णांनी पुकारलं. आण्णांचा आवाज मला कुठनं ठावं असनार? पर त्येच. आन् मागनं माणसंच माणसं म्हणली, हजर. मग मी बी वरडलो, हजर. त्ये ऐकून वरच्यांनी खणलं."

गावात काय झालं ते त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. काकूंनी रडतरडतच देवापुढे साखर ठेवली. मग तो म्हणाला, "सेल्वम माज्या हाताला लागत हुता. त्यो बी जिता हुता तवा. त्याला कुनी पुकारलंच न्हाई, आई."

त्या साखरेला काकूंनी हात लावला नाही.

यंदा त्यांनी सरपंच वीरधवलला सांगितलं, सेल्वमचं नाव घेणार. तो म्हणाला, "आवं काकू, त्यो कुठला तमिळ मुलखातला. गावात कुनी बघितला तरी हाय का? त्याची माणसं घेतील की तिकडं." आणि मग खरं ते बोलला, "गेल्या सालासारखं काय झालं म्हंजी?" गावानं ठरवलं, त्या नावाला गप्प बसायचं.

"ऱ्हावा गप. मी पुकारनार," काकू म्हणाल्या.

धैर्यशील सुट्टीवर आला होता, काठी घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. वाचन अर्ध्या वाक्यावर थांबलं. नावं झाली. काकू उभ्या राहिल्या आणि स्वतःच्याच आवाजात म्हणाल्या, "सेल्वम!"

गाव गप्प राहिलं. वारा पडला होता, दोरीही वाजत नव्हती.

मग मागे शाळेच्या व्हरांड्यातून, जिथे कुणीच बसलं नव्हतं, एक कोवळा आवाज आला. "हजर." परमुलखातून आलेलं पोर नव्या शाळेत पहिल्या दिवशी म्हणेल तसा, चाचरत. मागे वळून बघायची कुणाची छाती झाली नाही. धैर्यशीलनं डोळे मिटले. "त्योच हाय," तो म्हणाला.

तेव्हा कुठे सगळं गाव बोललं, "हजर." वीरधवलही बोलला, मीही बोललो.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि खंड मिटला.

"चला जेवाय," त्या म्हणाल्या. "आन् एक ताट जास्त वाढा. लय लांबनं आलंय लेकरू."