गेटरचा पट्टा आणि कानबाईचा पाट

गेल्या श्रावणात मी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या पूजेला बूट घालून बसणार होतो. भक्ती कमी पडली म्हणून नव्हे. बूट निघत नव्हते.

आमची मयुरी पावसाळ्यात डांगच्या डोंगरांत ट्रेकिंगला जाते. चिखल आणि जळवा बुटात शिरू नयेत म्हणून पोटरीवर कापडी गेटर चढवते. त्याचा बुटाखालून जाणारा पट्टा खडकावर घासून तुटला, तोही दुसऱ्यांदा.

"पप्पा, नवीन मागवते," ती म्हणाली.

हा माझा अपमान होता. सुरतजवळ उधन्याच्या लूमखात्यात मशीनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या घरात पट्टा बाहेरून येणार? मागावर धोटा फेकणारा पट्टा दिवसभर झटके खातो, तरी हूं की चूं करत नाही. तसले दोन जुने पट्टे मी घरी आणले.

मुहूर्त मात्र धरला कानबाईच्या रविवारचा. त्या वर्षी पूजेचा मान प्रथमच आमच्या जोडीला मिळाला होता. (आधी सगळे चुलतभाऊ बसून झाले होते.) सुनंदा, म्हणजे आमची ही, महिनाभर नवी साडी जपून होती. बायका नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीत, भाऊबंद गप्पांत, आणि मला कुणी काम सांगेना.

माप नेमकं यावं म्हणून गेटरं मी माझ्याच बुटांवर चढवली. पट्ट्यांना दोन्हीकडून रिव्हेट मारले. मग वाटलं, वेल्क्रोही आज ना उद्या सुटणारच. तेही नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून टाकलं. एका पायावर थांबलो असतो तर अर्धी अब्रू वाचली असती. पण जोडी म्हटल्यावर दुसराही!

"आंघोळ करी ल्या, पूजाले बठनं शे," सुनंदा म्हणाली.

मी बुटाला हात घातला. नाडी गेटरच्या आत, गेटर शिवलेलं, पट्टा तळाखाली.

"बूट निंघतस का नही?"

"निंघतीन ना," मी म्हणालो. आवाज माझा वाटेना.

माझा धाकटा भाऊ दिलीप, तोही मिस्त्रीच, धावून आला. पाठोपाठ दोन चुलतभाऊ, तेही मिस्त्री. कात्री झाली, विळी झाली, करवतीचं पातं झालं. पट्ट्यावर ओरखडा नाही. घाम फुटला होता, पण खोटं कशाला बोलू, छातीही फुगत होती.

"क्वालिटी बघ," मी म्हणालो.

"पप्पा, क्वालिटीसकट आंघोळ घालू का?" मयुरी म्हणाली.

एकाने ग्राइंडर सुचवला. मी दोन्ही पाय पोटाशी घेतले.

शेवटी दिलीप खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, आम्ही दोन्ही नवरा-बायको बठी जातस."

सुनंदा नुसती नव्या साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवत राहिली. मला इतकं वाईट वाटलं की ग्राइंडर मागवावासा वाटला.

तेवढ्यात ती आत गेली. फावल्या वेळात ती घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करते. त्याचा चिमुकला कटर घेऊन आली, माझ्या पायाशी बसली आणि वेल्क्रोवरची शिवण टचाटच उसवली. दोन मिनिटांत गेटरं सुटली, नाड्या सुटल्या, बूट निघाले. दोरा कापता येतो, हे चार मिस्त्र्यांना सुचलं नव्हतं.

"पट्टासंगे कसाले झगडी ऱ्हायनात?" एवढंच ती म्हणाली.

आंघोळ उरकून आम्ही पाटावर बसलो. सुनंदाने डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मागणं मागितलं, "माय, पुढला साल बी हाऊ मान आमलेच दे. फक्त त्या दिवशी यास्ना हातमा कोनतंच काम दिऊ नको."

मागे बसलेल्या यच्चयावत भाऊबंदांनी मनापासून हात जोडले.