कागदातली कुरुंदेवाली

फौजेत असेपर्यंत माझा हुकूम मोडायची कुणाची छाती झाली न्हाई, असं मी आजबी हट्ट्याच्या स्टँडवर चहा पिता पिता सांगतो. हुकूम घेणारी सगळी खच्चरं व्हती, हे सांगायच्या आधी चहा संपून जातो.

आमी धनगर माणसं. हट्ट्यावरून पायी जाता येईल एवढ्यावर आमचं गाव. शाळा मी बाहेरून बघितलेली हाये. चांगली दगडी व्हती, दुपारी सावली लांब पडायची, मेंढरं मी तिथंच बसवायचो. भरतीच्या सायबानं इचारलं, काय येतं? मी म्हणलं, जनावरांच्या मागं चालता येतं. त्या काळात खच्चरांच्या पलटणीला तेवढं पुरत व्हतं. सही करायला बी मी फौजेतच शिकलो. लोकांना वाटतं फौजी माणूस पुढं असतो. मी सगळी नोकरी शेपटीकडून केली.

पेन्शनीवर आलो, शेरडं पाळली, लेकी दिल्या घरी गेल्या. मागच्या हिवाळ्यात बायकोचे गुडघे लय दुखायला लागले. फौजी दवाखान्याचं तिचं कार्ड काढावं म्हणून आमी दोघं वसमतहून एसटीनं हिंगोलीला गेलो. माजी सैनिकांच्या ऑफिसात एक रिटायर हवालदार टेबलावर बसतात. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलं, बायकोचं आधार कार्ड शेजारी ठेवलं, आन् एकदा इकडं, एकदा तिकडं, असं बघून राहिले.

"पत्नी कुठं हाये?" हवालदार म्हणले.

"ही काय बसली."

"ही कोण मग?"

"हीच पत्नी."

"आधारवर येगळंच नाव हाये," हवालदार म्हणले. "फौजेच्या कागदात तुमच्या पत्नीचं नाव लिहिलंय कुरुंदेवाली."

मला हसू आलं. आमच्याकडं सून घरात आली की तिला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. कुरुंद्याची ती कुरुंदेवाली, वसमतची ती वसमतवाली. सासू तशीच हाक मारती, जावा तशाच मारतात, अख्खं गाव मारतं. माझ्या आईला सुद्धा गावानं मरेपर्यंत तिच्या गावाचंच नाव चिकटवलं व्हतं. हे मी हवालदारांना हसत हसत सांगितलं. ते हसले न्हाईत.

"उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर पेन्शन कुरुंदेवालीला लागंल," ते म्हणले. "आन् कुरुंदेवाली नावाची बाई सरकारात कुठंच न्हाई. ह्या बाईंना ऑफिसं फिरवून फिरवून मारतील. तुमी तवा सांगायला असणार न्हाई."

"मी कुठं जाणार हाये?"

"सगळेच असं म्हणतात," हवालदार म्हणले, आन् काय काय कागद लागतील ते सांगायला लागले. ओळखीच्या जाणत्या माणसाचा दाखला, वकिलासमोर शपथपत्र, दोघांचा जोडीनं फोटो. मग ते सगळं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला जाणार. तिथून हुकूम आला की नाव बदलणार.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. औंढा मागं गेलं. मग काचेकडं बघतच म्हणली, "म्हंजे एवढी वर्षं मी व्हते कुठं?"

"कुरुंद्यात," मी म्हणलं.

तिला हसवायला म्हणलं व्हतं. ती हसली न्हाई. बाहेर हळदीची रानं पिवळी पडून राहिली व्हती, पाला वाळून खाली बसत व्हता, आन् तिचा चेहरा त्या रानावरून काचेत सरकत जात व्हता, कधी दिसायचा, कधी न्हाई.

ते नाव कागदात कसं गेलं ते मला असं आठवतं, की खरंच घडलं का सपान पडलं ते नीट सांगता येत न्हाई. लग्न करून सुटीवरून नवाच परत गेलो व्हतो. डोंगरात धुकं उतरलं व्हतं. असं धुकं, की हातात खच्चराची दोरी हाये पण खच्चर न्हाई. नुसती घंटी वाजायची, कुठूनतरी. संध्याकाळी तंबूत कारकुनानं बोलावलं. त्यानं आधी माझ्या खच्चरांचे नंबर घेतले. फौजेत खच्चराच्या खुरावर नंबर डागलेला असतो, तो मी बराबर एका दमात सांगितला. मग तो म्हणला, "बीवी का नाम?"

आता तंबूत चार माणसं चहा पिऊन राहिली व्हती. आन् आमच्या घरात बायकोचं नाव चार माणसांत घेणारा पोरगा म्हंजे बेशरम. माझ्या बापानं उभ्या जल्मात आईला "ऐकलं का" याच्या पुढं हाक मारली न्हाई. मी खाली बघितलं. तंबूच्या कडेखालून धुकं आत येऊन राहिलं व्हतं, आन् मला एकदम कुरुंदा दिसलं.

तिला बघायला आमी गेलो तवा तिच्या बापाच्या खळ्यावर हळद शिजत व्हती. मोठ्या कढया, त्यावर गोणपाट, आन् वाफ अशी, की पाव्हण्याला पाव्हणा दिसंना. त्या वाफेतून एक पोरगी टोपलं घेऊन आली. मला तिचे हात तेवढे दिसले, कोपरापर्यंत पिवळे. तोंड दिसायच्या आत ती पुन्हा वाफेत गेली. घरी आल्यावर आईनं इचारलं, पोरगी कशी वाटली? मी म्हणलं, पिवळी.

तर त्या तंबूत, त्या धुक्यात, मला ते हात दिसले आन् तोंडातून निघालं, "कुरुंदेवाली."

"ये क्या नाम है?" कारकून म्हणला.

"यही है सायब. सब यही बोलते हैं."

त्यानं लिहिलं. मी बाहेर येऊन खच्चराला दाणा दिला. बराबर काम झालं असं मला वाटलं. खच्चरांच्या कागदात शेवटपर्यंत एक बी चूक निघाली न्हाई, हे मी अजूनबी अभिमानानं सांगतो.

दाखल्यासाठी मी आधी आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना गोळा केलं. त्यांनी एवढंच सांगायचं व्हतं, की कुरुंदेवाली आन् आधारवरची बाई एकच हाये. सगळे आनंदानं आले. बायकोनं चहा केला. चहा पिऊन सगळ्यात जाणता माणूस म्हणला, "ही कुरुंदेवाली हाये, हे मी देवाम्होरं सांगंन. दुसरं नाव मी कधी ऐकलं न्हाई. खोटं कसं सांगू?"

"अण्णा, आता मी सांगतो की तुमाला," मी म्हणलं.

"तू सांगितलंस म्हणून तर भरवसा न्हाई," अण्णा म्हणले. "तू म्हणला व्हतास, तुझ्या हाताखाली फौज व्हती."

ती चहाचे कप उचलून राहिली व्हती. हात थांबला तिचा. म्हणली, "बरं झालं, दळणाच्या डब्यावर बी कुरुंदेवालीच लिहिलंय. न्हाईतर पीठ बी दुसरीला गेलं असतं."

माणसं हसली. मी बी हसलो. पण त्या राती चूल आवरताना ती मला म्हणली, "अवं, माझ्या आईबापानं एक नाव ठेवलं व्हतं. ते घेणारी माणसं एकेक करून गेली. आता हाक मारायला कुणी न्हाई आन् तुमच्या फौजेच्या कागदात बी न्हाई. तुमी गेल्यावर मी कुणाला सांगू, मी कोण हाये?"

मला खच्चरांना कसं समजवायचं ते येतं. कान खाजवायचा. हितं तेवढ्यानं भागत न्हाई. मी म्हणलं, "होईल बराबर." आन् अंगणात जाऊन शेरडांना उगाच पाणी दाखवलं. त्यांनी आधीच पेलं व्हतं, ती माझ्याकडं बघत बसली.

मग मला चाचा आठवले. वसमतचे चाचा, शेरडं-मेंढरं घेणारे जुने व्यापारी. कुरुंद्याच्या बाजारात त्यांचं सारखं येणं-जाणं, तिच्या बापाचे दोस्त. आता थकलेत, दुकानाच्या ओट्यावर लेकानं टाकलेल्या खाटेवर बसून असतात. आमी दोघं गेलो. लांबून त्यांना नीट दिसत न्हाई. त्यांनी डोळ्यावर हात धरला आन् तिचं नाव घेऊन हाक मारली. आई-बापानं ठेवलेलं, साधं, नुसतं नाव. पुढं बाई न्हाई, वाली न्हाई.

मी त्या दिवशी एक गोष्ट बघितली. ती "आँ" म्हणली, जशी पोरगी खळ्यावरून म्हणती, आन् गुडघे दुखतात हे इसरून भराभर ओट्याच्या पायऱ्या चढली. मी खालीच राहिलो. रस्त्यावर हळदीची गाडी उभी व्हती, पिवळी धूळ उडून राहिली व्हती उन्हात, आन् त्या धुळीत वरती एक पोरगी उभी हाये असं मला वाटून राहिलं, जिला मी अजून बघितलेलं न्हाई. असा मी किती वेळ उभा व्हतो कोण जाणे. मागून हमाल म्हणला, "काका, सपान बाजूला घेऊन बघा, गाडी काढायची हाये."

चाचांनी दाखल्यावर सही केली. मला म्हणले, "फौजी, इतनी सी बात. तू काहून इतके साल चुप बैठा?"

"चाचा, शरम."

"अब शरम का क्या हुआ?"

मी म्हणलं, अजून हाये. शपथपत्राच्या दिवशी ती शरम चांगलीच वर आली.

वसमतच्या कोर्टाजवळ वकीलबाई बसतात, माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळं टाइप करून घेतलं व्हतं. तरी म्हणल्या, "काका, शपथ हाये, तोंडानं सांगा. तुमच्या पत्नीचं खरं नाव काय?"

मी वर पंख्याकडं बघितलं. पंखा हळू फिरत व्हता. मला पुन्हा ती घंटी ऐकू आली, धुक्यातली. मनात नाव बराबर व्हतं. जिभेवर आलं की माघारी जायचं, जसं चढावर खच्चर आडून बसतं.

"काका, ठाव न्हाई का?" वकीलबाई म्हणल्या.

"ठाव हाये."

"मग?"

"ही शेजारी बसली ना."

"शेजारी बसली म्हणूनच इचारून राहिले."

बायको पदराआडून म्हणली, "घ्या आता. उशीर होऊन राहिला. एसटी जाईल."

मी डोळे मिटले आन् नाव घेतलं. एवढ्या हळू घेतलं, की वकीलबाईंनी दोनदा घ्यायला लावलं. दुसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरचा टायपिंगवाला बी थांबून बघायला लागला. माझे कान तापले. पण एकदा घेतल्यावर असं वाटलं, की हे नाव लय दिवसांपासून तोंडात गुळाच्या खड्यासारखं ठेवलं व्हतं आन् चव आज लागली.

वकीलबाईंनी मग तिला इचारलं, "आन् मावशी, हे तुमचे कोण?"

"हेच," ती म्हणली.

"नाव सांगा."

"त्यांनाच इचारा. आता घेतात ते नावं."

कागद हिंगोलीला गेले, हवालदारांनी पुढं पाठवले. मग नुसतं थांबणं. हळदी निघाल्या, शिजल्या, वाळल्या. वसमतच्या रस्त्यानं गेलं की उग्र, गोड वास यायचा, आन् मी पोस्टमनची वाट बघत ओसरीत बसून राहायचो. मनात यायचं, आपण हे कागद यायच्या आधीच गेलो तर? मी असं बसलो की छातीवर हात ठेवून बघायचो, चालू हाये का. ती म्हणायची, "सारखं काय चाचपून राहिलात?" मी म्हणायचो, बिडी शोधून राहिलो. बिडी मी सोडून लय वर्षं झाली व्हती.

एकदा दुपारी डोळा लागला. सपनात तो तंबू, तोच कारकून, पण म्हातारा झालेला. म्हणला, "बीवी का नाम?" मी उठून उभा राहिलो आन् ठणकावून नाव सांगितलं. तंबूतल्या सगळ्या माणसांनी चहाचे मग खाली ठेवले, आन् बाहेर सगळी खच्चरं ओळीनं उभी राहिली. लय इज्जत झाली माझी. जागा झालो तर बोकड माझा टॉवेल चघळून राहिला व्हता.

त्याच आठवड्यात हवालदारांचा फोन आला. रेकॉर्ड ऑफिसचा हुकूम आला व्हता. मी एकटाच जाऊन कागद आणला. मला वाचता येत न्हाई, म्हणून हवालदारांनी बोट ठेवून दाखवलं, हे बघा, हितं तिचं नाव. मी परतीच्या एसटीत तेवढ्या जागेवर अंगठा ठेवून बसलो, दुसरीकडं कुठं सरकू नये म्हणून.

गावात उतरलो तवा दिवस मावळून राहिला व्हता. ती घरामागं शेरडं बांधत व्हती, धूर केला व्हता डासांसाठी, आन् त्या धुरात तिचे हात तेवढे दिसून राहिले व्हते. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी फाटकातूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, तिचं नाव घेऊन हाक मारली. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. अण्णा खाटेवर उठून बसले. कुणाचं कुत्रं बी भुंकायचं थांबलं.

ती धुरातून पुढं आली. कागद हातात घेतला, माझा अंगठा व्हता त्या जागेकडं बघितलं, घडी घालून पदराला बांधला. मग माझ्याकडं बघून म्हणली,

"नाव कागदात घालायला सांगितलं व्हतं, आळीत वाटायला न्हाई. तो बोकड सुटलाय, धरा."