मुद्दाम बिघडवलेली नजर

कोपरखैरण्याला माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि एका कंपनीच्या कबड्डी टीमचे डोळे मीच तपासायचे. सीझनच्या आधी प्रत्येकाने स्क्रीनवर पळणारा ठिपका मान न हलवता नुसत्या नजरेने पकडायचा. मशीन ते आकडे जपून ठेवतं. पुढे डोक्याला मार लागला की परत तेच करायचं, आणि नजर आधीपेक्षा अडखळली तर खेळाडू बाहेर. इतकं साधं.

पण आमचे शहाणे! पहिल्याच वेळी मुद्दाम भलतीकडे बघायचे, म्हणजे मार लागल्यावरही आकडे सारखेच येणार. सीनियर मंडळींनीच ही अक्कल शिकवलेली. मोरा बंदरावरचा एक कोळी रेडर तर माझ्या डोळ्यांदेखत छताकडे बघत होता.

"डोळे फुटले काय रे? परत कर!"

"ताई, बाहेर बसलो तर पुढचा कॉन्ट्रॅक्ट कोन देनार?" तो हसत म्हणाला.

मी टीमच्या मॅनेजरला सांगितलं, सगळ्यांची तपासणी पुन्हा घ्या. "मॅडम, कशाला टेन्शन घेता? झाली ना एकदा, बास." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण टीम त्याची, मशीन त्याचं.

खांदेश्वरच्या मॅचला मी हजर होते. पकडीत त्याच पोराच्या कानशिलावर कुणाचा तरी गुडघा बसला. तो उठला, आणि सरळ समोरच्या टीमच्या बाकावर जाऊन बसला. लोक खदाखदा हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

मध्यंतराला मशीन लावलं. आकडे जुळले. जुळणारच होते!

"सेम टू सेम," मॅनेजर म्हणाला. "सोडा त्याला."

"अहो, आधीचेच खोटे आहेत!"

"मग तेव्हाच बोलायचं ना."

मेल्या, बोलले होते की!

मी मशीन बंद केलं आणि पर्समधलं पेन पोराच्या तोंडासमोर धरलं. "याच्याकडे बघ." या वेळी नाटक नव्हतं. पास व्हायला पोरगा जीव तोडून बघत होता, घामाने निथळत होता.

"बगतो ना, ताई," तो म्हणाला. "यातल्या कुठल्या पेनाकडं बगू?"

मॅनेजर मागे वळून जोरात ओरडला. मला वाटलं, ॲम्ब्युलन्स बोलावतोय. तो बदली रेडरला बूट घालायला सांगत होता.