कंबर उतरली, दाब उतरेना

शिवणकाम करणारे मास्तर गळ्यात टेप घालूनच दवाखान्यात शिरले. कंबर चांगली दोन इंच उतरली होती! महिनाभर जेवण निम्मं, मीठ नावाला, गोडाला हात नाही. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून फुगवला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"दाब अजून चढाच आहे. गोळ्या घेताय ना? आणि चालणं?"

"चालतोय की," मास्तर टेपशी चाळा करत पुटपुटले.

"हो तर! कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालतात," बरोबर आलेल्या बायकोनं भर दवाखान्यात उसवलं. "आणि मग हे असे!" गाल फुगवून, छातीवर पंजा ठेवून तिनं अशी हुबेहूब बैठक मारली की डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

मास्तर मात्र पांढरेफटक पडले होते. थोरल्या भावाची दुकानाची पायरी चढता चढताच वाचा गेली होती; पुढे तो उठलाच नाही. तेव्हापासून छाती जरा धडधडली की मास्तरांना वाटे, आली आपली पाळी. मग चालण्यापेक्षा पोट मारलेलं बरं. इंच तर उतरत होते!

"बाई, भीती वाटते हो," ते कसंबसं म्हणाले.

"थोडी धडधड होणारच, मास्तर. बोलता येईल एवढ्याच वेगानं चाला. छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबा आणि तडक इकडे या. पण नुसती उपासमार नको. बेताचं खाणं आणि चालणं, दोन्ही जोडीनं."

संध्याकाळी बायको बरोबर निघाली. बाक आलं आणि मास्तरांचे पाय तिकडे वळले.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. तुम्ही गप्प झालात की माझा जीव खालीवर होतो."

मास्तरांनी गिऱ्हाइकाचा आवाज काढला. "मास्तर, सैल ठेवा हं, पण ढगळ नको! घट्ट करा, पण दिसायला नको!" बाक मागे पडलं. कानात ठोके घणघणत होते, भीतीनं तळवे गार पडले होते, पण शब्द फुटत होते. बोलत बोलत ते थेट रस्त्याच्या टोकाला पोचले.

"आलो की गं!" मग वळून पाहिलं आणि तोंड उतरलं. "अगं, पण एवढंच परत जायचंय."

"मग काय, कडेवर घेऊ?"

ते हसायला गेले. तिनं त्यांचा हात धरला. तिचा हात त्यांच्याहून गार होता.