बायबलबाईची खोली

आमच्या चर्चच्या मागे, विहिरीच्या अलीकडे, जांभ्या दगडाची एक खोली आहे. तिला सगळे बायबलबाईची खोली म्हणतात. फार पूर्वी, मिशनच्या काळात, तिथे एक बाई एकटी राहायची. वाड्यावाड्यांतून पायी हिंडायची, बायकांना गोळा करून बायबल वाचून दाखवायची आणि बसेल तिला अक्षरं शिकवायची. तिला पाहिलेलं आता कुणी उरलं नाही. हल्ली त्या खोलीत राहतात ते मोडके बाक, नाताळच्या चांदणीचा बांबूचा सांगाडा, बंद पडलेला लाउडस्पीकर आणि दोन भलीमोठी पातेली. ही खोली मला चार मुलींसाठी हवी होती. खरं सांगायचं तर एकीसाठी हवी होती, बाकीच्या तिघी मागाहून आल्या असत्या.

मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. डोकं गरम आहे हे मला माहीत आहे, कुणी वेगळं सांगायला नको. निवृत्तीनंतर चर्चच्या बायकांनी मला महिला मंडळाची अध्यक्ष केलं आणि मी चर्चच्या पडवीत मुलींचा संध्याकाळचा वर्ग सुरू केला. जात नाही, धर्म नाही, येईल तिला शिकवायचं. पहिल्यांदा कुजबुज झालीच. "पडवीतला दिवा किती वेळ जळतो," इथपासून "उद्या कुणी म्हणेल मुली बाटवतात," इथपर्यंत. मी म्हटलं, अहो, त्रिकोणमितीनं कुणी बाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

त्या वर्गात ही मुलगी आली. संगमेश्वरच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली. आई गावी शेती बघते, बाप आणि भाऊ मुंबईत कामाला. अकरावी-बारावी तिनं इथे रत्नागिरीत आत्याकडे राहून केली. बोलायला कमी, पण गणित सुटलं की बसल्या जागी बाक हलवायची, इतकी खूश व्हायची. बारावी विज्ञानाला तिला चांगले मार्क पडले, बीएस्सीला प्रवेशही मिळाला. आणि नेमकं तेव्हाच आत्याच्या मुलाचं लग्न झालं. दोन खोल्यांत नवी सून आल्यावर भाचीला जागा कुठली? सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. गावाहून येऊन-जाऊन करावं तर सकाळची एसटी प्रॅक्टिकल निम्मं झाल्यावर पोचते आणि परतीची ते संपायच्या आधीच सुटते.

बापाचा तिच्या आईला फोन आला. "जागा होत नसल तर पाठव तिला हितं. आमचं खानावळीचं खाणं तरी सुटल. कॉलेजं काय, मुंबईतपण हायत. बघू." या 'बघू'ला मी चांगली ओळखून आहे. माझ्या वर्गातल्या किती हुशार पोरी या 'बघू'नं गिळल्या आहेत. मुंबईच्या खोलीत एकदा पोळपाट हातात आला की पुस्तक कुठलं हातात येतंय!

तर ती खोली. खोली द्यायची की नाही हे ठरवणार पंच कमिटी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी माणसं. तिथे आजवर सगळे पुरुष. थोरले पंच तर इतकी वर्षं त्या खुर्चीवर आहेत की खुर्चीला त्यांचा आकार आलाय. आमचे हेसुद्धा पंच आहेत. घरात भाजीला मीठ कमी म्हणायला ज्यांचं तोंड उघडतं, त्यांचं मीटिंगमध्ये का उघडत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या वर्षी वरून सूचना आली की कमिटीत एक तरी बाई हवी. मी कंबर कसली. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स असलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. रात्रपाळीला वॉर्डात तिचा दरारा असा की शिकाऊ डॉक्टर तिला विचारल्याशिवाय सलाईन लावत नाहीत. मी घरोघर फिरले, बायकांना सांगितलं, नवऱ्याकडे बघू नका, सरळ हात वर करा. वार्षिक सभेत हात वर झाले आणि ती निवडून आली. त्या दिवशी बायकांनी चर्चच्या आवारात पेढे वाटले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता इथे आमचा शहाणपणा ऐका. पंचांच्या मीटिंगला चहा करायचं काम वर्षानुवर्षं महिला मंडळाकडे. पाळी लावलेली असायची. जिची पाळी ती मागच्या छोट्या स्वयंपाकघरात चहा करून आत नेऊन द्यायची. नर्सबाई निवडून आली आणि मंडळाच्या पुढच्याच बैठकीत आम्ही त्या पाळ्या बंद केल्या. का? तर "आता आत आपली एक बाई आहेच की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कप्पाळ आमचं! एवढी धडपड करून एक बाई आत पाठवली आणि जाता जाता तिच्या हातात गाळणंही दिलं.

खोलीचा विषय आला त्या मीटिंगला मी घरी वाट बघत बसले होते. हे आले, चपला काढल्या, पंखा लावला.

"काय झालं?"

"खोलीत मांडवाचं सामान ठेवायचं ठरलं. बाहेर भाडं भरण्यापेक्षा बरं."

"आणि मुलींचं?"

"महिला मंडळाचा विषय शेवटी असतो ना. तो आला तेव्हा सगळे कंटाळले होते. थोरले म्हणाले, नको ती जबाबदारी, सगळ्यांनी हो म्हटलं."

"सगळ्यांनी? ती काय करत होती?"

"ती नव्हती. चहा आणायला गेली होती." आणि वर म्हणाले, "आलं घातलं होतं. छान झालेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छान झालेला! एका मुलीचं कॉलेज बुडालं आणि यांना आलं आठवतंय!

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईला गाठलं. ती रडवेली झाली होती. म्हणाली, "बाई, थोरल्यांनी घसा खाकरला हो. मी आपोआप उठले. परत येते तर सगळे खुर्च्या सरकवत होते." जी बाई वॉर्डात अपघाताची केस आली तरी जागची हलत नाही, ती एका खाकरण्यानं उठली. काय बोलायचं? मी बोलायचं ते बोललेच म्हणा. मग तिचा चेहरा बघून म्हटलं, "पुढच्या वेळी खुर्चीला चिकटून बस. तहानेनं कुणी मेलं तरी उठायचं नाही."

पण पुढची वेळ यायला विषय परत निघायला हवा. यांना सांगितलं तर म्हणाले, "झालेला ठराव परत कसा काढणार? लोक हसतील." बरं, म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात चहा झाला नाही. पहिल्या सकाळी यांना वाटलं दूध नासलं. दुसऱ्या सकाळी टपरीवर जाऊन आले. मग एक दिवस ओट्याशी येऊन उभे राहिले, गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "काढतो विषय."

त्या मीटिंगला मी मुलीला आणि तिच्या आईला बोलावून घेतलं. कुणी काही विचारलं तर समोर उत्तर देता यावं म्हणून. आई गावाहून आली होती, पिशवीत फणसाचे गरे घेऊन. आम्ही तिघी पडवीतल्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. गटाराची दुरुस्ती झाली, पंख्यांची झाली, कलमांचा लिलाव कधी करायचा यावर तर इतका काथ्याकूट झाला की तेवढ्यात आंबे पिकले असते. मुलगी मांडीवरच्या ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. आई मला हळूच म्हणाली, "बाई, व्हईल ना हो? तिचा बाबा तिकीट काढायचं म्हणतोय." मी म्हटलं, होईल.

शेवटी एकदाचा आमचा विषय आला. हे बोलले. अडखळले, पण बोलले. मग थोरल्यांचं ते खाकरणं.

"जरा चहा झाला असता तर..."

मी खिडकीतून बघितलं. नर्सबाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. म्हणाली, "आधी विषय संपवू या."

शाब्बास गो बाय! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एकानं घड्याळ बघितलं, एकानं चष्मा पुसला. ती बसलेली ती बसलेलीच. मी तिच्याकडेच बघत राहिले, आणि त्या नादात माझ्या शेजारी काय चाललंय तिकडे माझं लक्षच गेलं नाही. आईनं पोरीला कोपर मारलं होतं. "जा गो, च्या टाक. मोठी मानसं तानेली बसलीत."

मला कळलं तेव्हा ट्रे माझ्यासमोरून आत चालला होता. ट्रेवर कप, कपांतून वाफ, आणि ट्रे धरलेली माझी बीएस्सीची मुलगी. मी उठेपर्यंत ती दारातून आत गेलीसुद्धा.

"कुणाची गो तू?" थोरल्यांनी कप उचलत विचारलं. कुणीतरी सांगितलं, हीच ती खोलीवाली. थोरल्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! पोर कामाची दिसते. राहू दे की. मीटिंगला चहा बघेल, रविवारी उपासनेआधी चर्च झाडून घेईल. आपलीही सोय झाली." सगळे हसले, हो हो म्हणाले, ठराव मंजूर झाला. तिचे मार्क किती कुणी विचारलं नाही. कुठला विषय घेतलाय, कुणी विचारलं नाही. मी रात्र रात्र बसून तयार केलेले मुद्दे माझ्या पर्समध्ये घडी करून तसेच राहिले.

आई तिथेच पडवीत हात जोडून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "देव पावला," म्हणाली. मुलगी धावत येऊन माझ्या पाया पडली. मला आनंद व्हायला हवा होता, हो ना? खोली मिळाली, मुंबईचं तिकीट टळलं, सगळं मनासारखं झालं. आणि मला नुसती कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. मी तिला म्हटलं, "तुला चहा करायला सांगितलं कुणी?" ती गोंधळली. "बाई, चहाच ना? त्यात काय? खोली मिळाली ना!" तिचं कॉलेज वाचलं होतं. ते चहामुळे वाचलं हे तिला टोचत नव्हतं, मला टोचत होतं.

नर्सबाई सगळ्यांच्या मागून बाहेर आली. तिनं हातही लावला नव्हता त्या चहाला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, या वेळी मी उठले नाही."

"पाहिलं मी," म्हटलं.

आत टेबलावर उष्टे कप पडले होते. पोरगी सवयीनं तिकडे वळली. मी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढली. नर्सबाई आली, आईही आली मागोमाग, "कप तरी इसळून आलो आसतो," असं पुटपुटत. त्या रात्री मी यांना विचारलं, त्या अटीवर तुम्ही गप्प का बसलात? म्हणाले, "मिळाली ना खोली? आता आणखी काय हवंय तुला?" मी पांघरूण ओढून घेतलं. आणखी काय हवंय ते मी आयुष्यभर सांगत आलेय, त्यांनी चहा पिता पिता ऐकलंय.

रविवारी मुलगी पत्र्याची ट्रंक घेऊन राहायला आली. नर्सबाई रात्रपाळी संपवून थेट हॉस्पिटलातूनच आलेली. आम्ही तिघींनी बाक बाहेर काढले, पातेली हलवली, कोळिष्टकं काढली. खिडकीपाशी मी माझ्या घरचं टेबल ठेवलं. पोरीनं त्यावर पुस्तकं रचली, मागे सरून बघितलं, परत पुढे होऊन एक पुस्तक सरळ केलं. मग आम्ही उपासनेला जाऊन बसलो. चर्च कुणी झाडलं नव्हतं. आंब्याची वाळकी पानं दारातून आत आली होती.

उपासना संपल्यावर थोरले पंच मीटिंगच्या खोलीत गेले आणि तसेच बाहेर आले. कप टेबलावर होते तिथेच होते. तळाला साखर वाळलेली, मुंग्यांची रांग टेबलावरून खाली, खालून भिंतीवर. ते दारात उभे राहून सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, हे कप कुणी धुतले नाहीत?"

पुरुषांनी बायकांकडे बघितलं. बायकांनी माझ्याकडे बघितलं. नर्सबाईनं गीतांचं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. आणि माझ्या शेजारी बसलेली पोरगी उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे बघितलं, कपांकडे बघितलं. तिचा हात सुटायला बघत होता, चांगला जोर लावत होता. मी सोडला नाही.