पत्र्याखालच्या नऊ गोधड्या

आमच्या कारखान्यातल्या मालाचं नाव धड घ्यायला मला महिना लागला. वर्मिक्युलाईट. आम्ही पॅकिंगच्या बायका त्याला सरळ लाह्या म्हणायचो. भट्टीत जाताना तो चपटा, तपकिरी, अभ्रकासारखा खडा असतो. बाहेर येतो तो फुगून, लांबट, सोनेरी होऊन. वजन म्हणाल तर नाहीच. भरलं पोतं डोक्यावर घेतलं तरी रिकामं आहे की काय असं वाटतं. वाळूजचे ओतकामवाले तो वितळलेल्या लोखंडावर टाकतात, म्हणजे लोखंड लवकर निवत नाही. अॅसिडच्या बाटल्या पाठवणारे खोक्यात ठासतात, पडेगावकडचे नर्सरीवाले रोपांच्या ट्रेमध्ये मिसळतात. आणि आता शहरातल्या बायका गच्चीवरच्या कुंड्यांत घालतात. त्यांच्या किलोकिलोच्या पिशव्या मीच भरते. पिशवीवर एका हसऱ्या बाईचा फोटो आहे. भरणाऱ्या बायका तोंडाला रुमाल बांधून दिवसभर खोकत असतात, त्यांचा फोटो कोण छापणार?

असो. मला सांगायचंय ते माझ्या मायबद्दल.

मायचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. वर्षातले आठ महिने उघड्यावर, डोक्यावर आभाळ नाहीतर लिंबाची सावली. एका हिवाळ्यात तिला लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. भावानं पंधरा दिवस केलं आणि मग तिला माझ्याकडं बजाजनगरला आणून सोडलं. मेंढरं कोण बघणार म्हणाला. मेंढरांना माणूस लागतं, मायला नाही लागत. मी तोंड उघडलं असतं तर भाऊ कायमचा तुटला असता. नवरा मला आधीच सोडून गेलेला, त्यामुळं घरात तरी कुणाची आडकाठी नव्हती.

माझी खोली म्हणजे घरमालकांच्या घरावरचा मजला. खाली त्यांचं स्लॅबचं घर, वर पत्र्याच्या दोन खोल्या, मध्ये एकच भिंत. एकीत मी, दुसरी रिकामी. आमच्याकडचा एप्रिल-मे ज्यानं पत्र्याखाली काढलाय त्याला काही सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की यांना घोटभर पाणी गिळायलाही त्रास होतोय, अंग सुकायला वेळ लागणार नाही, यांना गारव्यात ठेवा. मी हो म्हणाले. कुलरला पाणी लागतं आणि वर नळाला पाणी यायचं एक दिवसाआड, तेही चार बादल्या. गारवा आणायचा कुठून?

मार्चमध्ये पत्रा तापायला लागला आणि मायच्या उशाशी बसून माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. ज्या लाह्या लोखंडाची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, त्या उन्हाची आत तरी का येऊ देतील? सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, घरांच्या छतात भरतात की लोकं, तू नवीन काय सांगतीस. भट्टीखाली सांडलेली झाडण न्यायची परवानगीही त्यानं दिली. तेवढं एक पुण्य त्याच्या नावावर आहे.

नुसतं पोतं भरून टांगलं तर लाह्या एका कोपऱ्यात जमतात. म्हणून मी गोधडी शिवली. गोधडी मला मायनंच शिकवलेली. प्लास्टिकच्या पोत्यांचे दोन पदर, मध्ये चार बोटं जाड लाह्या, आणि दाभणानं सुतळीचे चौकोन घालून त्या जागच्या जागी अडकवायच्या. धूळ गळू नये म्हणून खालून मायचं जुनं लुगडं लावलं. माय उजव्या हातानं सुतळी ओढून धरायची. टाका वाकडा गेला की "उसव" म्हणायची. तेवढा एक शब्द तिला स्वच्छ यायचा. अशा नऊ गोधड्या झाल्या. पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांना तारेनं बांधून मी अख्खा पत्रा झाकून टाकला.

काय सांगू! भर दुपारी खोलीत पाय ठेवला की अंगावरून पाणी फिरल्यासारखं व्हायचं. माय पहिल्यांदा दुपारची झोपली. तिच्या तोंडावर जरा रया आली. एके दिवशी तिनं डाव्या हाताचं बोट हलवून दाखवलं आणि मी खाली जाऊन पाव किलो पेढे आणले.

इथंच मी माती खाल्ली. मला गप्प बसवेना. आपण केलेली करामत चार लोकांना दाखवायची खुमखुमी. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचे. जमिनीवाल्या घरातल्या, पण मनानं वाईट नव्हत्या, भाजी-भाकरी वर पाठवायच्या. त्यांना मी एका दुपारी चहाला वर बोलावलं. बसा हो काकू, बघा तरी किती गार आहे. काकूंनी घाम पुसला, वर गोधड्यांकडं बघितलं, भिंतीला टेकून बसल्या आणि अर्धा तास उठल्या नाहीत. जाताना म्हणाल्या की इथं तर बसल्या बसल्या झोप लागंल गं. मी फुशारले.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. आपल्या पायांनी, न बोलावता. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, सातव्यात. खाली सून, नातवंडं, सगळी गर्दी, पोरीला निवांत जागा नाही. आठ-पंधरा दिवसांत येईल. तेव्हा मी शेजारच्या खोलीत जावं, भाडं तेच, अशी त्यांची मागणी होती. मागणी कसली, घर त्यांचं. मी म्हणाले, जाते, पण गोधड्या काढून नेते.  काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. तेवढ्यात खाटेवरून माय बोलली.

"राहू दे बाई. पोटुशी हाय ती."

एवढं लांब वाक्य ती लकवा मारल्यापासून बोलली नव्हती. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मायच्या त्या चांगुलपणाचा मला आजही राग येतो, मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात तरी येतो. तुझं स्वतःचं अंग तुला उचलत नाही आणि तू दुसऱ्याच्या लेकीला सावली वाटत बसलीस? पण तिच्यासमोर मला काढून घेता येईनात. दुसऱ्याच दिवशी मी खाट उचलून शेजारच्या खोलीत नेली. काकूंनी रिकाम्या खोलीला कुलूप घातलं, पोरगी येईपर्यंत धूळ नको म्हणून.

मी ठरवलं होतं की आठ दिवसांत नव्या नऊ शिवायच्या. त्याच आठवड्यात कारखान्याची भट्टी आतल्या विटा बदलायला बंद पडली. गोदामात कच्चा खडा होता, फुललेला माल नाही. पहिल्या वेळची उरलेली झाडण होती, तिच्यात चार गोधड्या झाल्या. मग मी कच्चा खडा मागून आणला आणि घरी कढईत भाजून बघितला. चार फुलायचे, बाकीचे नुसते तडतडायचे. गॅसच्या आचेवर ते काय होणार? खोली गार करायच्या नादात मी खोलीच तापवत बसले होते आणि माय खाटेवरून बघत होती. मी कढई मोरीत आदळली.

चार गोधड्या तिच्या डोक्यावरच्या पत्र्याला बांधल्या. बाकी पत्रा उघडा. ओलं फडकं तिच्या अंगावर टाकायचे, ते मी भाकरी खाऊन होईपर्यंत वाळायचं. सकाळी कामावर जायचं, दुपारच्या सुट्टीत पळत येऊन चमच्यानं पाणी पाजायचं, पुन्हा पळायचं.

आणि मी काकूंशी अबोला धरला. हे मी कबूल करते, कुणी मला विचारलेलं नसलं तरी. जिन्यात त्या दिसल्या की मान वळवायचे. नळावर त्यांनी "मायचं कसंय गं" विचारलं, मी बादली उचलून चालती झाले. शेजारच्या खोलीत गेल्याला चार-पाच दिवस झाले असतील. संध्याकाळी त्या वर आल्या, माझ्या दारात उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी पाठ फिरवली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली, मुद्दाम आवाज करत. थोडा वेळ थांबून त्या उतरून गेल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

खोलीला मात्र कुलूप होतं ते होतंच. येता-जाता दिसायचं. मला वाटायचं, आज येईल महाराणी, उद्या येईल. आल्यावर तोंडदेखलंसुद्धा हसायचं नाही, असं मी पक्कं केलं होतं.

शेजारच्या खोलीत गेल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी मी सुट्टीत आले तेव्हा माय जिवंत होती. चार चमचे पाणी तिनं घेतलं, दोन बाहेर सांडले. अंग भाजत होतं. मी फडकं ओलं केलं, सुपरवायझरला सांगून लवकर येते म्हणाले. साडेतीनला परतले तर ती गेलेली. फडकं खडखडीत वाळून छातीला चिकटलं होतं. डॉक्टर आले, उन्हानं झालं म्हणाले. मेलेल्या माणसाचं अंग गार पडतं म्हणतात. मायचं दिवे लागेपर्यंत कोमट होतं.

भाऊ आला, रडला, तिसऱ्या दिवशी मेंढरांकडं गेला. पाचव्या दिवशी काकू भेटायला आल्या. मी खाली मान घालून बसले होते. त्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, लेक येणार नाही. सासरच्यांनी पाठवलं नाही, बाळंतपण इकडंच करू म्हणाले, काय ते बोलू नये असंही बरंच बोलले. मला वाटलं हे आजच ठरलं असेल. मी विचारलं, कधी?

"तुम्ही हिकडं आलात त्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला."

त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. लेकीला सासरच्यांनी पाठवलं नाही हे गल्लीत कळलं असतं तर लोकांनी दहा तर्क लावले असते. कुलूप काढलं असतं तर सगळ्यांना समजलं असतं. म्हणून त्यांनी कुलूप तसंच ठेवलं. फक्त मला सांगायला एकदा वर आल्या होत्या, खोली परत घे म्हणायला.

"तू तोंड फिरवलंस," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, उद्या सांगू. एक शब्द इचारला असतास तर त्याच घटकेला दिली असती गं."

मला त्यांना मारावंसं वाटलं. पण त्या खरं बोलत होत्या. मी विचारलं असतं तर त्यांनी नक्की दिली असती. आणि त्यांनी दारातूनच, माझ्या पाठीला का होईना, सांगितलं असतं तर मी त्याच रात्री खाट उचलली असती. दोघींनाही आपापलं नाक जपायचं होतं. मधल्या मधे माय गेली.

त्यांनी किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली आणि रडत खाली गेल्या. मी उठले, कुलूप काढलं. आत सगळं होतं तसंच, नऊच्या नऊ गोधड्या वर, लुगड्याचा रंग दिसत होता. बाहेर ऊन रणरणत होतं. मायची खाट जिथं असायची तिथं मी फरशीवर आडवी झाले, म्हटलं आता तरी मोकळं रडू. पाठीला फरशी गार लागली. पाच दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. रडायच्या आतच मला झोप लागली आणि मी तिथं संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपले.